रस्त्याला मारलेली हाक

येळवस चार दिवसांवर आली आहे. सून चुलीपुढं लसूण सोलत बसली आहे आणि घरभर तोच वास. मार्गशीर्षातल्या या अवसेला आमच्या सीमेवरच्या गावांतलं कुणी घरात जेवत नाही. सगळं गाव टोपल्या डोक्यावर घेऊन रानात जातं. ज्वारी हुरड्यात आलेली असते, तुरीला शेंगा लोंबत असतात, हरभऱ्याचा पाला खुडला की बोटं दिवसभर आंबट राहतात. अशा दिवसांत नातीनं एक प्रश्न विचारला आणि मला हसू आवरेना.

नात सुनीता. तिला नर्सिंग शिकायला बेंगळूरला जायचं आहे. पेटी भरून झाली आहे, पण पोरीचा पाय काही निघत नाही.

"आजी, तिकडली मान्सं लई तुसडी असतेत म्हणं. शेजारी मेलं तरी बघत न्हाईत म्हणं. खरं का?"

"कोण म्हणलं?"

"समदेच म्हणायलेत."

"मीबी म्हणले होते," मी म्हटलं. "आन् नुसतं म्हणून गप बसले न्हाई. परीक्षा घेतली होती. अख्ख्या हैद्राबादची."

ही परीक्षा घेणारी बाई आधी ओळखीची करून देते. वय एकोणीस. चौथी पास. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. अक्कल बेताची, आणि ती बेताची आहे याचा तिला पत्ता नव्हता. कडगंचीच्या पुढं आमचं गाव. त्या गावापलीकडं तिनं आळंदचा बाजार आणि गाणगापूर एवढंच जग पाहिलं होतं, आणि तेवढ्या जगावरून उरलेल्या जगाचा अंदाज तिनं बांधून ठेवला होता.

राज्यं तेव्हा नवी झाली होती. आमचा जिल्हा हैद्राबादचा होता तो म्हैसूरचा झाला, पण लोकांचं पोट अजून हैद्राबादकडंच बघत होतं. आमचे मालक तिथं एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायच्या कामाला लागले. मराठी येत होती, कन्नड येत होती, तेलुगू अक्षरं ते नव्यानं शिकले. गावाकडं त्यांच्या वाट्याला भावांच्या रानात सालगड्यासारखं राबणं होतं. छापखान्यातून ते संध्याकाळी काळी बोटं घेऊन यायचे आणि मला दाखवायचे. "आज लगीनपत्रिका जुळवली. नवऱ्याचं नाव उलटं लावलंतं, वेळेवर दिसलं म्हणून बरं." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की जणू ते लग्न त्यांनीच वाचवलं.

दिवाळी झाल्यावर ते मला न्यायला आले. हुमनाबाद, जहीराबाद करत मोटारीनं आम्ही गेलो.

एका गल्लीत, एका अंगणाभोवती चार खोल्या होत्या. मधोमध नळ, त्याला दुपारी चारला तासभर पाणी. अंगणात शहाबादी फरशी. आमच्याच जिल्ह्यातली फरशी, पण तीसुद्धा माझ्याशी बोलत नाही असं मला वाटायचं.

पहिल्या दारात खाला राहायची. खाला म्हणजे मावशी, सगळे तिला तेच म्हणायचे. साठीची बाई, तोंडात कायम पान, दिवसभर रजया शिवायची. दुसऱ्या दारात घड्याळं दुरुस्त करणारा आणि त्याची बायको. तो डोळ्याला भिंग लावून बसायचा. माणसाकडं बघायचं तर आधी भिंग काढावं लागायचं, म्हणून तो बघायचाच नाही. तिसऱ्या दारात एकटी राहणारी एक बाई होती. शाळेत शिकवायची. सगळे तिला टीचरम्मा म्हणायचे. आठला कुलूप लावायची, साडेतीनला उघडायची. चौथं दार आमचं.

मी पोचले त्या दिवसापासून, वहीत नाही, पण मनात नोंदी करायला लागले. पहिली नोंद अशी, की आठ दिवस झाले तरी "जेवलीस का?" म्हणून कुणी विचारलं नाही. आमच्याकडं वाटेवरचं कुत्रंसुद्धा हे विचारल्याशिवाय पुढं जात नाही. कुणाची तू, माहेर कुठलं, दिवस गेलेत का, न्हाई तर कामून न्हाई, एवढं सगळं माणूस पहिल्याच भेटीत विचारतो. इथं काहीच नाही. मी दारात उभी राहायचे, डोळ्यांनी प्रश्न मागायचे, आणि बाया आपली घागर भरून जायच्या.

दुसरी नोंद खालाची. ती बोलायची, पण काय? "ए छोरी, नळ बंद करो! पानी क्या तुमारे अब्बा का है?" माझ्या बापाला गावात सगळे अप्पा म्हणून मान देत होते. त्याचं नाव नळाशी जोडलेलं ऐकून मी दोन दिवस घुश्शात होते.

आता तिसऱ्या नोंदीचं सांगते. ती सांगताना आजही कान तापतात.

टीचरम्मा नळाला आली, की मी घागर घेऊन हजर. मोडक्यातोडक्या दखनीत, तिथल्या हिंदी-उर्दूत, माझी तोफ सुरू व्हायची. नाव क्या? आडनाव क्या? गाँव कौनसा? मालक किधर है? बच्चे कितने? एका दमात पाच. पहिल्या दिवशी तिनं नुसतं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी अर्धी घागर कमरेवर घेतली आणि आत गेली. तिसऱ्या दिवशी मी तिच्या दारापाशीच उभी राहिले. चौथ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या शेवटी, नळाची धार बारीक झाल्यावर यायला लागली. मी मालकांना सांगितलं, "काय बाई हाय! लई गर्व. दोन अक्षरं जास्ती शिकली म्हणून मान्साला मान्सावानी बोलूने का?"

मालक म्हणाले, "तिला न्हाई बोलायचं आसंल."

"न्हाई बोलायचं म्हंजे? मी काय मागायलेव का तिला? नुसतं विचारायलेव."

नुसतं विचारायले होते. एका एकट्या बाईला रोज नळावर, चार माणसांत, नवरा कुठं आहे म्हणून नुसतं विचारत होते. आणि शहरातली माणसं उर्मट आहेत हे गावाकडं पत्रानं कळवत होते.

येळवस जवळ आली तशी मला झोप लागेना. गावाकडं आता कडब्याची खोपटासारखी कोपी बांधत असतील, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायची तयारी चालली असेल. भज्जीसाठी तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे सोलून होत आले असतील. भज्जी म्हणजे या सगळ्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची बेसन-चिंच घालून केलेली दाट भाजी. तिच्यासोबत बाजरीचे वाफवलेले गोळे, उंडे. आणि आंबील, ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, आंबवून, वर ठेचलेला लसूण. पहिला घोट घेतला की थंडी पाठीतून निघून जाते.

येळवसेचा एक नियम आहे. रस्त्यानं जाणारा ओळखीचा असो की बिनओळखीचा, त्याला बांधावरून हाक मारायची. आणि हाक ऐकली त्यानं नको म्हणायचं नाही. निदान दोन घोट आंबील पिऊनच पुढं जायचं. परक्याच्या तोंडात घास पडल्याशिवाय येळवस पुरी होत न्हाई, असं माझी आई म्हणायची.

मी मालकांपुढं बसले आणि निकाल सांगितला. "येळवसेला मी हितं सैपाक करनार. रस्त्यावरच्या मान्साला हाक मारनार. एकानं जरी माज्या हातची आंबील पिली तर ऱ्हाईन. न्हाई तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं गावाकडं."

"आन् मी?"

"तुमी बसा खिळे जुळवत."

त्यांनी आपल्या काळ्या बोटांकडं बघितलं. मग म्हणाले, "तू गेलीस तर मी एकटा हितं काय करू? मीबी येतो. खिळे सोडतो."

ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं सांगितलं, आणि कंदिलाची वात खाली केली. त्यांचं सगळं काम, ती तिन्ही भाषांतली अक्षरं, आता माझ्या आंबिलीच्या मडक्यावर टांगली होती. माझ्या लक्षात आलं होतं. पण एकोणिसाव्या वर्षी शब्द मागं घेतला तर नाक कापलं जातं असं वाटतं. आता नाक शाबूत आहे, फक्त वास उशिरा कळतो.

येळवसेच्या दिवशी पहाटे उठले. गल्लीमागच्या म्हशीवाल्याच्या गोठ्यातून पाच धाटं कडबा मागून आणला होता. अंगणात माती कुठं दिसेना. नळाच्या शेजारी तेवढी हातभर ओली माती होती आणि तिच्यात पुदिना उगवला होता. तो कुणाचा हे मी विचारलं नाही. साऱ्या जगाचे नवरे आणि लेकरं विचारणाऱ्या बाईनं हा एक विचारायचा प्रश्न तेवढा विचारला नाही. पुदिना बाजूला दाबला, धाटांची वीतभर कोपी उभी केली, पाच खडे चुन्यात बुडवून आत मांडले, हळदकुंकू वाहिलं. मालकांनी नमस्कार केला आणि कामावर गेले. जाताना म्हणाले, "आंबील झकास झालीय." बिचाऱ्यांनी चाखलीही नव्हती. नैवेद्याआधी मी चाखू देतेय कशाला!

दुपारी पितळेची चरवी काखेत घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले आणि बांधावरून मारतात तशी हाक मारली. "ओ अण्णा! या, आंबील पिऊन जावा! आवो, आवो, पीके जावो!"

आता सांगा, भर रस्त्यात काखेत चरवी घेतलेली बाई अशी ओरडत असेल तर माणूस काय समजेल? एक सायकलवाला थांबला. पाय टेकला आणि म्हणाला, "कैसा दिये?"

मला एवढा राग आला, की मी तोंडच फिरवलं. येळवसेच्या आंबिलीचा भाव विचारतो!

मग पांढऱ्या शेरवानीतला एक म्हातारा आला. त्यानं ऐकलं, थांबला, हात छातीवर ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "किसका फातिहा है, बेटी?"

कुणी गेल्यावर त्याच्या नावानं अन्न वाटतात, तसं त्याला वाटलं. मी ओरडले, "कुनाचं न्हाई! समदे जित्ते हैत आमच्याकडं!" तो बिचारा दचकला, 'अल्ला सलामत रखे' असं काहीतरी पुटपुटला आणि काठी टेकत गेला. त्याचीही मी उर्मटांत नोंद केली. ओळख ना पाळख, एका पोरीच्या घरात कुणी गेलं असेल म्हणून भर उन्हात थांबलेला तो माणूस. आज आठवतो तेव्हा वाटतं, त्याच्या मागं धावत जाऊन दोन घोट पाजायला हवे होते.

एका बाईनं पोराचा हात ओढून रस्ता बदलला. दोघं तिघं हसले. एक म्हणाला, "पेट भरेला है, अम्मा." उन्हं कलली. चरवी काठोकाठ भरलेली. परीक्षेचा निकाल लागला होता. सगळं हैद्राबाद नापास.

खोलीत आले, दार लोटलं आणि पत्र्याची पेटी ओढली. लुगडी कोंबत होते आणि रडत होते. लुगडी कमी होती, रडणं जास्त. मालकांचा एक सदरा हातात आला. त्याच्या खिशाला शाईचा डाग होता. तो पेटीत घालावा की खुंटीवर ठेवावा, हे काही ठरेना. सदरा घेऊन तशीच बसून राहिले.

चार वाजले. नळाचा घोगरा आवाज झाला आणि पाणी आलं. मग खालाचं ओरडणं. "कौन रखे ये?"

झालं, मी म्हटलं. आता पांडव उचलून फेकणार. पाण्याच्या वेळेला तिथं चिखलच व्हायचा. भरलेली घागर उचलून दुसरी लावेपर्यंत नळ सोडलेला, आणि सगळं पाणी त्या पुदिन्यात. भांडायचंच म्हणून दार उघडलं, आणि उंबऱ्यातच थांबले.

खाला रजईचं काम सोडून नळाला हात लावून उभी होती. "किसी का भगवान है. पाँव नक्को लगाओ. छींटा नक्को उडाओ." घड्याळवाल्याची बायको घागर खाली न ठेवता दोन्ही हातांनी नळाखाली धरून उभी होती. घागर भरत आली, की खाला नळ बंद करायची. मग दुसरी घागर. अशा सहा घागरी झाल्या. घड्याळवालासुद्धा भिंग काढून बाहेर आला आणि जड घागरी उचलून देऊ लागला. हे काय आहे, कशासाठी आहे, कुणाचं आहे, एकानंही विचारलं नाही. शेवटी टीचरम्मा आली. तिनं आपली घागर पोटाशी धरून भरली. सगळं पातळ भिजलं. पण कोपीवर थेंब पडला नाही.

मी उंबऱ्यात तशीच, हातात सदरा. खालाची नजर माझ्याकडं गेली. पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

"क्या जी, सुबे से चूल्हा जलाए. सारे घर में खुशबू. फिर गल्ली में खडी होके सारी सडक कू बुलाए. हम नै दिखे क्या तुमकू? पडोस कू छोड के सडक कू दावत देते क्या तुमारे गाँव में?"

खरंच, आमच्या गावात असंच करतात. येळवसेला शेजारी घरी असतोच कुठं? तो त्याच्या रानात, आपण आपल्या रानात. गावातली सगळी दारं बंद. म्हणून हाक फक्त रस्त्याला. शेजाऱ्याच्या दारात जाऊन बोलवायचं असतं, हे या येळवसेच्या शहाणीच्या डोक्यातच आलं नव्हतं. तीन दारं ओलांडून मी रस्त्याला हाक मारायला गेले होते. आणि तीन दारांतली माणसं तो वास घेत, आपल्याला कुणी विचारतं का याची वाट बघत बसली होती.

"और मेरा पुदिना?" खाला म्हणाली.

"तुमारा है?"

"नै तो क्या नळ का है?"

मग जे हसले, ते रडतच हसले. चरवी बाहेर आणली. खालानं आंबील प्यायली आणि म्हणाली, "कढी है ये. बीमार कढी." पण दुसऱ्यांदा वाडगा पुढं केला. घड्याळवाल्यानं उंड्याचा वास घेतला, भिंग लावून तपासतो की काय असं वाटलं, पण खाल्ला. टीचरम्मा आपला पेला घेऊन आली. ओल्या पातळानं उभ्या उभ्या एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि आमच्या मराठीत, अगदी आमच्या रानातल्या मराठीत म्हणाली,

"लसून कमी पडलाय बग."

माझ्या हातातली पळी थांबली. ही आमच्याकडची! दोन महिने माझी मोडकी दखनी ऐकून घेत होती, आणि एक शब्द बोलली नाही. माझ्या जिभेवर प्रश्नांची रांग लागली. कुठल्या गावच्या? कुणाच्या?

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. ती तोच प्रश्न यायची वाट बघत होती. पेला तिनं घट्ट धरला होता.

येळवसेची एक गोष्ट मी आधी सांगितली नाही. आम्ही बांधावरून सगळ्यांना हाक मारतो, हे खरं. पण हाक मारायच्या आधी माणूस बघतो. गाव विचारतो, गावावरून आडनाव, आडनावावरून त्याला बांधाच्या अलीकडं बसवायचं की पलीकडं, वाढायचं की वरून ओतायचं, ते ठरतं. आंबील तीच. आमचा एवढा मायाळू प्रश्न, कुणाची गं तू, तो कुणाच्या पोटात कसा जाऊन लागत असेल, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. ती बांधाच्या कुठल्या बाजूची होती, की कुणी टाकलेली होती, की स्वतःच सगळं टाकून आली होती, मला माहीत नाही. या शहरात तिला ते कुणी विचारत नव्हतं, मी सोडून.

मी प्रश्न गिळला. आयुष्यातला पहिला. घशात अडकला म्हणून वर आंबील प्यायले.

"व्हय," मी म्हटलं. "कमीच पडलाय."

तिनं पेला पुन्हा पुढं केला.

संध्याकाळी मालक आले. पेटी अर्धी उघडी, चरवी रिकामी. त्यांनी आधी पेटीकडं बघितलं, मग चरवीकडं. "म्हंजे? ऱ्हायची का जायची?"

"तुमच्यासाठी आंबील उरली न्हाई," मी म्हटलं. ते खाली बसले आणि खूप वेळ हसत राहिले. सदरा मी परत खुंटीला लावला.

तिथं अकरा वर्षं राहिलो. मग छापखाना बंद झाला आणि आम्ही गावाकडं आलो. खालाचं ओरडणं अकरा वर्षांत कमी झालं नाही. माझ्या थोरल्याच्या बाळंतपणात तिनं दवाखान्यातसुद्धा ओरडून जागा मिळवली. घड्याळवाला जन्मभर खाली मान घालूनच राहिला. शहरातली माणसं गोड असतात असं मी म्हणत नाही. आपल्याला सवय असते त्या दारानं ती येत नाहीत, एवढंच.

सुनीतानं हे सगळं हनुवटीवर हात ठेवून ऐकलं. मग म्हणाली, "मग ती टीचर कुठली होती, आजी?"

"म्हाईत न्हाई."

"आकरा वर्सांत?"

"न्हाई विचारलं."

"तू?" ती हसायलाच लागली. "कंडक्टरला त्याची सासुरवाडी विचारल्याबिगर तिकीट घेत न्हाईस, आन् तू न्हाई विचारलंस?"

"न्हाई. पन दर येळवसेला सकाळी दार उघडलं की उंबऱ्यात एक वाटी असायची. सोललेल्या लसनाची. काठोकाठ."

चुलीपुढं सून सोलतच होती. लसणाची टरफलं वाऱ्यानं घरभर फिरत होती. पोरीनं उठून पेटी उघडली, कपडे इकडं तिकडं सारले, आणि आईला म्हणाली, "आई, दोन गड्डे घेऊ का यातले?"

कशाला, ते मी विचारलं नाही.